लॅबच्या बाईंची वेबसाइट

कुठलीही वस्तू हातात आली की बाई आधी ती उलटी करायच्या. कपबशी, घड्याळ, स्टूल, खडूचा डबा, काहीही. "खालनं कशी हाय बघू," म्हणायच्या आणि मान वाकडी करून तळाशी काय लिहिलंय, जोड कुठं दिलाय, कुठला स्क्रू गंजलाय ते निरखायच्या. एकदा स्टाफरूममध्ये चहाचा भरलेला कप त्यांनी डोक्याच्या वर धरून खालून पाहिला होता. शेजारी बसलेल्या इतिहासाच्या सरांनी तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा घाईघाईनं छातीशी धरला. थेंबही सांडला नाही.

माझ्या बक्षिसाचंही त्यांनी तेच केलं. तालुक्याच्या साहित्य संमेलनात मला एक पितळी सन्मानचिन्ह मिळालं होतं, लेखणी धरलेला हात. घरी न्यायचं राहून गेलं असं दाखवत मी ते चार दिवस स्टाफरूमच्या कपाटावर ठेवलं होतं. असं काही ना काही तुम्हीही कुठंतरी दिसेल असं ठेवलं असेल, म्हणून सांगायला लाज वाटत नाही. बाई आल्या, "अभिनंदन मॅडम" म्हणाल्या, तो हात उचलला, उलटा केला आणि नखानं टिचकी मारली.

"आतनं पोकळ हाय," त्या म्हणाल्या. "पण वरचं काम झकास केलंय."

सगळे हसले. मीही हसले. बाई मात्र हसल्या नाहीत, कारण त्यांनी विनोद केलाच नव्हता.

आमची शाळा मलकापुरात, कराडला लागून. मी तिथं मराठी शिकवते आणि त्या प्रयोगशाळा सहायक होत्या. मुलांना परीक्षानळ्या काढून द्यायच्या, धुऊन परत मांडायच्या, बाटल्या भरायच्या, बुन्सेन बर्नरची नळी दर महिन्याला तपासायची, हे त्यांचं काम. शाळेतल्या आम्ही सगळ्या शिक्षिका 'मॅडम' आणि त्या एकट्या 'लॅबच्या बाई'. हा फरक कुणी ठरवला होता माहीत नाही. मला तो कधी खटकलाही नाही.

बाई मूळच्या आटपाडीकडच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेला यायचे आणि पाऊस लागला की परत फिरायचे. बाई वसतिगृहात राहून बारावी सायन्स झालेल्या. नवरा फौजेत, सिग्नल म्हणजे संदेशवहनाच्या पलटणीत हवालदार. मी कडेगावची, उसाच्या मळ्यातली. हे कळलं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला.

"मग तुमच्या रानात आमची मेंढरं बसली असतील की!" त्या म्हणाल्या. खतासाठी शेतात रात्रभर कळप बसवतात, तुम्हाला माहीत असेल.

"असतील," मी म्हणाले आणि विषय बदलला. मला आमच्या घराची पायरी आठवली होती. मेंढरांबरोबर आलेल्या बायकांना आई त्या पायरीच्या खाली उभं करून भाकरी द्यायची.

तर अशा या बाई. त्यांच्याबद्दल मला आपुलकी होती, जशी आपल्यापेक्षा कमी शिकलेल्या कामसू माणसाबद्दल असते तशी. ती आपुलकी कडेगावात एका संध्याकाळी संपली.

मराठी भाषा दिनाला तिथल्या वाचनालयानं माझं व्याख्यान ठेवलं होतं. माहेरचं गाव, पुढच्या रांगेत भाऊ आणि वहिनी, गळ्यात हार. मी पाऊण तास बोलले आणि बरं बोलले. कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त मास्तर काठी टेकत माझ्याकडे आले. कौतुक ऐकायच्या तयारीनं मी मान जरा खाली घातली.

"तुमी मलकापूरच्या शाळेत न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग त्या वेबसाइटवाल्या बाई तुमच्याच शाळेत असणार! लॅबमधल्या. त्यांचं मेंढरं मोजायचं वाचलं का तुमी? लय म्हंजे लयच भारी लिवत्यात. माझा नमस्कार सांगा त्यास्नी."

भाऊ शेजारीच उभा होता. "कोण गं या?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "आहेत एक."

परतीच्या एसटीत मी मोबाइलवर ती वेबसाइट उघडली. पांढरं पान, काळी अक्षरं, डावीकडे निळ्या शब्दांची यादी. चित्र नाही, रंग नाही, हलणारं काही नाही. वर बाईंचं नाव आणि त्याखाली एक ओळ: 'जे कळलं ते, जसं कळलं तसं.' नवऱ्यानं आणलेल्या जुन्या लॅपटॉपवर, शाळेच्या संगणक कक्षातलं एक फाटकं पुस्तक वाचून, त्यांनी ती सगळी स्वतः बांधली होती. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त यादी दिसली. डिजिटल घड्याळातल्या आकड्यांना सातच रेघा का पुरतात. घोंगडीला चिंचोक्याचीच खळ का लावतात. रुळाच्या तुकड्याची घंटा. जात्याच्या ओव्यांत जात्याचे भाग किती येतात. सिग्नलची भाषा आणि मेंढक्यांच्या शिट्ट्या. एका बाईच्या डोक्यात हे सगळं एकाच वेळी राहतं आणि एकमेकांशी भांडत नाही, याचाच मला राग आला.

मग मी ते मेंढरं मोजायचं पान वाचलं. त्यांचे वडील मेंढरं विसाविसानं मोजत. वीस झाली की एक खडा खिशात टाकत आणि पुन्हा एकपासून सुरू करत. बाईंनी लिहिलं होतं: 'बा विसावर एक खडा टाकायचा. कंप्युटर दोनावर टाकतो. खडा तोच.'

एवढंच. मी ती तीन वाक्यं पुन्हा वाचली. संगणक कसा मोजतो हे मला कुणीही आजवर समजावून देऊ शकलं नव्हतं आणि तिथं, ओगलेवाडीच्या अलीकडे कुठंतरी, एसटी खड्ड्यातून उसळत असताना ते मला कळलं. माझ्या पाऊण तासात असं एकही वाक्य नव्हतं. शिकवण्याच्या बावीस वर्षांत नव्हतं. पोटात काहीतरी आंबट झालं. गाडी लागली असेल असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मी ती सगळी पानं छापून घेतली. चुका मला कागदावरच दिसतात. घरी येऊन लाल पेन घेऊन बसले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ढिगानं होत्या, पण मला मोठी चूक हवी होती, आणि ती सापडली. 'घमेलं' या शब्दावरच्या पानात बाईंनी लिहिलं होतं की घाम गाळून उचलायचं म्हणून ते घमेलं. मला इतका आनंद झाला की मी उठून पाणी प्यायले. घमेलं पोर्तुगीज शब्द आहे, आपल्या चावीसारखा आणि पगारासारखा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे माहीत असतं.

वेबसाइटवर ईमेलचा पत्ता होता. मी नवीन ईमेल खातं उघडलं, नाव दिलं 'एक वाचक', आणि चार ओळींचं कोरडं पत्र लिहिलं. शेवटी लिहिलं, 'ज्या विषयाचा अभ्यास नाही, त्यावर लिहिताना खातरजमा करावी.'

मला वाटलं होतं की ते पान गुपचूप नाहीसं होईल. दोन दिवसांनी तिथं नवीन पान आलं: 'घमेलं बोटीतनं आलं'. बाई नुसत्या आनंदून गेल्या होत्या. म्हणजे गवंड्याच्या हाताखालची बाई डोक्यावर जे उचलते ते समुद्र ओलांडून आलं, असं त्यांनी लिहिलं होतं. मग चावी, मग साबण, मग बटाटा. पान आधीपेक्षा दुप्पट चांगलं झालं होतं. आणि यादीच्या तळाला एक नवा निळा शब्द आला होता: 'चुकलं ते'. त्यात आपली जुनी चूक त्यांनी जशीच्या तशी ठेवली होती, तिच्यापुढे बरोबर काय ते, आणि त्यापुढे: 'दाखवून दिलं: एक वाचक. उपकार.'

दगड मारावा आणि समोरच्यानं तो उचलून घराच्या भिंतीत बसवावा, तसं झालं.

मग मला चटकच लागली. नवं पान आलं की मी ते छापून, लाल पेनानं तपासून फाइलला लावायची आणि दर पंधरा दिवसांनी 'एक वाचक' पत्र पाठवायचा. बाई दर वेळी दुरुस्ती करायच्या, 'चुकलं ते' मध्ये नोंद घ्यायच्या आणि उत्तर पाठवायच्या. उत्तराची सुरुवात असायची 'आदरणीय सर'. वाचक पुरुषच असणार आणि प्राध्यापकच असणार, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

एकदा मधल्या सुट्टीत त्या मला म्हणाल्या, "मॅडम, मला एक वाचक गावलाय. लय कडक हाय. पण खरा."

"कोण?" मी डब्यातली भाजी चिवडत विचारलं.

"नाव सांगत न्हाईत. पुण्याकडचे रिटायर प्राध्यापक असतील. म्हातारे असणार, चिडके हायत जरा." मग हळूच म्हणाल्या, "घरात बोलाया कुणी नसंल त्यांना. न्हाईतर एवढ्या बारकाईनं कोण वाचतंय माझं?"

त्या दिवशी डबा मी तसाच परत नेला.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला बाईंचे वडील गेले. त्या पंधरा दिवस रजेवर होत्या. परत आल्यावर महिन्याभरानं वेबसाइटवर एक पान आलं. वडिलांना अक्षर येत नव्हतं. मुलीला वसतिगृहात सोडायला ते आले, तेव्हा अर्जावर अंगठा उमटवायच्या आधी त्यांनी शाई कशाची करतात ते कारकुनाला विचारलं होतं. वाटेत दिसेल त्याला ते असंच काहीतरी विचारत. इंजिनवाल्याला, डॉक्टरला, देवळातल्या गुरवाला. लोक हसत, काही जण हाकलत. बाईंनी लिहिलं होतं: 'बा विचारायचा. मी लिहिते. काम एकच, फक्त मला कुणी हाकलत नाही.'

हे पान फिरलं. कुणी कुणाला पाठवलं कोण जाणे, पण आठवड्याभरात त्याची लिंक सगळ्यांच्या मोबाइलवर होती. हेडमास्तरांनी ते स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचलं. पीटीचे सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. वाचून झाल्यावर हेडमास्तर माझ्याकडे पाहून निर्मळ मनानं म्हणाले, "मॅडम, तुम्हीपण असं काही लिहा की कधीतरी. सोपं."

सोपं!

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर घरातली माणसं लवंडली, तेव्हा मी 'एक वाचक' म्हणून पत्र लिहिलं. ते मला पाठ आहे, पण सगळं सांगत नाही. त्यात असं होतं की यंत्रांविषयी आपण अधिकाराने लिहिता, तेवढंच लिहावं. भाषा, ओव्या, चालीरीती, माणसांची चित्रं हा अभ्यासाचा प्रांत आहे. तिथं हौशी माणसानं शिरलं की त्या विषयाचं हसं होतं आणि लिहिणाऱ्याचंही. आणि घरातलं दुःख असं चव्हाट्यावर मांडणं सुसंस्कृतपणाचं नाही. खाली लिहिलं, 'आपला हितचिंतक.'

पाठवलं आणि शांत झोपले. खोटं कशाला सांगू, झोप चांगली लागली.

मंगळवारी बाई माझ्या वर्गाबाहेर थांबल्या होत्या. तास संपल्यावर आत आल्या. त्या कधी वर्गात येत नसत.

"मॅडम, तुमी मराठीच्या. तुमाला इचारते. एखाद्या जाणत्या माणसानं सांगितलं की तुमी ह्यातलं लिवू नका, तर ऐकावं का?"

"कुणी सांगितलं?"

"त्या सरांनी. आवं, मला राग न्हाई आला. त्यांनी आजवर एक शब्द खोटा सांगितला न्हाई. पण बाचं पान..." त्यांनी बाकावरचा खडूचा तुकडा उचलला आणि परत ठेवला. "लाज आणली का वं मी बाला?"

तुम्ही म्हणाल, इथं तरी मला काही वाटलं असेल. वाटलं. बोलायला तोंडही उघडलं होतं. पण तोंडातून आलं ते असं: "जाणकार माणूस असेल, तर ऐकलेलं बरं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "मला बी तसंच वाटलं."

बुधवारी डावीकडची यादी अर्धी झाली होती. घड्याळ होतं, घंटा होती, बॅटरी होती. घोंगडी नव्हती. शिट्ट्या नव्हत्या. ओव्या, घमेलं, खडे, बा, 'चुकलं ते', सगळं गेलं होतं. वरची ओळसुद्धा काढली होती. त्या जागी एक सूचना होती: 'जाणत्या वाचकाच्या सल्ल्याने काही पानं काढली आहेत. मला त्यातलं कळत नव्हतं.'

पहिला दिवस बरा गेला, हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी मला वाचायला काही नव्हतं. मोटारीच्या वायंडिंगवरचं एक पान आलं होतं, बिनचूक आणि कोरडं, कुठल्याही माहितीपत्रकासारखं. बाई शाळेत नीट येत, नीट काम करत. वस्तू हातात घेत आणि जागेवर ठेवून देत.

तिसऱ्या आठवड्यात मी 'एक वाचक' होऊन पत्र लिहिलं की माझं मत जरा घाईचं होतं, पानं परत लावावीत. उत्तर आलं: 'आदरणीय सर, तुम्ही मोठ्या मनाने लिहिलंत. पण पहिलं लिहिलंत तेच खरं होतं. पानं आता नाहीत. ठेवली असती तर परत लावावीशी वाटली असती, म्हणून लॅपटॉपवरूनही पुसली.'

मी ते पत्र वाचलं आणि कपाटातल्या फाइलकडे बघितलं. काढलेलं प्रत्येक पान त्या फाइलमध्ये होतं. बाचं पानही मी छापून घेतलं होतं, आणि त्यावरही लाल रेघा होत्या. जगात ती पानं आता फक्त माझ्याकडे होती. ज्यानं जाळलं त्याच्याच घरात बियाणं शिल्लक राहावं, तशी गत. फाइल पोस्टानं पाठवता आली असती, पण लाल अक्षर माझं होतं. शाळेच्या फळ्यावरचा रोजचा सुविचार बावीस वर्षं मीच लिहीत आले आहे.

चार दिवस ती फाइल पिशवीतून शाळेत गेली आणि परत आली. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी लॅबमध्ये गेले. बाई परीक्षानळ्या उपड्या घालत होत्या. मी फाइल टेबलावर ठेवली.

त्यांनी हात पुसले, फाइल उघडली. पहिलं पान बघून त्यांचा चेहरा उजळला. "आवं, ही कुठं गावली तुमाला?" मग दुसरं पान. मग त्या थांबल्या. बोट लाल अक्षरावर ठेवून हळूहळू पुढं नेलं, पहिलीतलं पोर वाचतं तसं.

"म्हंजे सर तुमीच," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी पानं उलटली. बाच्या पानावर आल्या. "कुणी हाकलत नाही" या शब्दांखाली मी दोन रेघा मारल्या होत्या आणि समासात लिहिलं होतं, 'भावविवश'.

"मॅडम, एक इचारू?"

"विचारा."

"हे चांगलं होतं का?"

"हो."

"किती?"

"माझ्यानं झालं नसतं, इतकं."

"मग लाल रेघ कशापायी मारली?"

"म्हणूनच," मी म्हणाले.

बाईंनी फाइल मिटली. त्या रडतील असं मला वाटलं होतं, किंवा ओरडतील. मी दोन्हीसाठी तयार होऊन आले होते. त्या म्हणाल्या, "मी त्या म्हाताऱ्याची काळजी करत होते. एकटा हाय म्हणून. दिवाळीला तुमाला फराळ धाडायचा होता, पत्ता मागणार होते." मग नळ सोडला आणि माझ्याकडे पाठ केली. "आता जावा तुमी. मला कुलूप लावायचंय."

त्यानंतर सहामाही परीक्षेपर्यंत त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. स्टाफरूममध्ये त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटायचं.

पानं मात्र परत येऊ लागली. आठवड्याला एक. त्या फाइल समोर ठेवून पुन्हा टाइप करत होत्या. पहिलं आलं ते बाचं, आणि एक अक्षरही न बदलता. घमेलं आलं, खडे आले, वरची ओळ आली. 'चुकलं ते' परत आलं तेव्हा मी ते दार लावून घेऊन उघडलं. 'एक वाचक' कुठंच नव्हता. त्या जागी सगळीकडे लिहिलं होतं, 'मराठीच्या मॅडम'. माझ्या दुरुस्त्यांपैकी बहुतेक त्यांनी मान्य केल्या होत्या. काही केल्या नव्हत्या. तिथं लिहिलं होतं: 'मॅडमनी चूक म्हटलं. आमच्याकडं असंच म्हणतात. तसंच ठेवलं.' अशा जागा मी मोजल्या नाहीत, पण प्रत्येक जागेवर त्यांचं बरोबर होतं.

हेडमास्तर मला म्हणाले, "वा मॅडम, तुम्ही बाईंना एवढी मदत करता, कधी बोलला नाहीत!" ही मला मिळालेली शिक्षा. रोज कुणी ना कुणी कौतुक करायचं आणि ते मला उभ्यानं ऐकून घ्यावं लागायचं.

पुढच्या वर्षी बाईंनी बदली मागून घेतली. गावाकडे आई एकटी होती आणि आमच्याच संस्थेच्या आटपाडीकडच्या शाळेत जागा निघाली होती. निरोपसमारंभाचं भाषण नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. मी तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं. शेवटी उभी राहिले आणि म्हणाले, "आपल्या शाळेत एक लेखिका होती. ती मी नव्हते." एवढंच बोलून बसले. लोकांना तो विनय वाटला आणि टाळ्या पडल्या. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या.

जाताना फाटकापाशी त्या माझ्याजवळ आल्या. हातात नारळ आणि शाल.

"वाचत ऱ्हावा मॅडम," त्या म्हणाल्या.

"आता कुठल्या तोंडानं वाचू?"

"त्याच तोंडानं." मग म्हणाल्या, "राग गेला न्हाई माझा. खोटं सांगत न्हाई. पण चुका काढत जावा. तुमच्याइतकं बारीक कोण वाचतंय?"

त्यांची वेबसाइट चालू आहे. परवा दुष्काळी भागातल्या पवनचक्क्यांवर पान आलं, पवनचक्कीच्या पात्याला तिथल्या म्हाताऱ्या काय म्हणतात त्यासकट. मी वाचते, चुका कळवते, स्वतःच्या नावानं. आणि वाचताना ते आंबट अजून होतं. वय झालं की जातं म्हणतात. माझं गेलं नाही.

गेल्या महिन्यात लॅबमध्ये नव्या सहायक रुजू झाल्या. हुशार आहेत, टापटीप आहेत. त्यांनी सगळ्या बाटल्यांसाठी छापील चिठ्ठ्या आणल्या आणि जुन्या काढायला घेतल्या. मी तिथं कशाला गेले होते ते आता आठवत नाही. फळीवर बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येकीवर बाईंच्या हातची चिठ्ठी, वर नाव, आणि नावाखाली बारीक अक्षरात एकेक ओळ. इतकी वर्षं मी त्या खोलीत जात-येत होते, कधी जवळ जाऊन बघितलं नव्हतं.

'तुरटी. गढूळ पाण्याला शहाणं करते.'

'मोरचूद. दिसतं देखणं, हाय जहरी.'

'पारा. धरायला जाऊ नये, आपल्या आपण गोळा होतो.'

"मॅडम, जुन्या चिठ्ठ्या पाण्यात टाकतेय," नव्या बाई म्हणाल्या. टबात चार-पाच बाटल्या आधीच बुडवलेल्या होत्या. शाई सुटून पाणी निळसर झालं होतं. त्या चार-पाच ओळी काय होत्या, ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

"थांबा जरा," मी म्हणाले.

स्टूल ओढून बसले, हजेरीपुस्तकाचं मागचं पान काढलं आणि उतरवून घ्यायला लागले. बाहेर घंटा झाली. आठवीच्या वर्गातून गलका ऐकू यायला लागला, कारण त्यांच्या मराठीच्या मॅडम आल्या नव्हत्या. नव्या बाई ओले हात घेऊन माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी पुढची बाटली हातात घेतली.